किल्ली कुठे ठेवली? : जुनी हार्ड डिस्क, अ‍ॅडॉप्टर आणि सकळ लिपी



आजचा विषय थोडा वेगळा आहे. बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातली हार्ड डिस्क बाहेर काढायची आणि अ‍ॅडॉप्टर लावून ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचायची, या गोष्टीचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने हे का सांगावे, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोच आहे. त्याचं उत्तर बोलण्याच्या ओघात येईल. तूर्त एवढंच, की ज्या गावात आपण बसलो आहोत त्या माहूरचा या विषयाशी संबंध सहाशेहून अधिक वर्षांचा आहे.

आधी घरची परिस्थिती बघू. किनवट, हदगाव, माहूर, कुठल्याही शाळेत, पतसंस्थेत, डीटीपीच्या दुकानात जा. माळ्यावर किंवा जिन्याखाली एखादा जुना कॉम्प्युटर सापडतोच. त्या उभ्या पत्र्याच्या पेटीला आपल्याकडे सगळे 'सीपीयू' म्हणतात. शास्त्राप्रमाणे ते चूक आहे, पण दुकानदारही तेच म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणू. एसएमपीएस जळलेला असतो, नाही तर मदरबोर्ड गेलेला असतो, पण आतली डिस्क पुष्कळदा धडधाकट असते. तिच्यात पतसंस्थेची जुनी खाती असतात, शाळेच्या दाखल्यांची नोंद असते, कोणाचा प्रबंध, कोणाच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कोणाच्या लग्नाचे फोटो. घरचे म्हणतात, कॉम्प्युटर गेला तेव्हाच सगळं गेलं. मग दिवाळीच्या आवराआवरीत पेटी भंगारवाल्याकडे जाते, किलोच्या भावाने.

गेलेलं काहीच नसतं, बरं का. तबकडीवर सगळं जसंच्या तसं असतं. तुटलेली असते ती वाट. नांदेडच्या बाजारात काही शे रुपयांत एक वस्तू मिळते, 'साटा टू यूएसबी कन्व्हर्टर' म्हणून मागायची. एका बाजूला डिस्क, दुसऱ्या बाजूला चालू कॉम्प्युटर. बहुतेक वेळा दोन मिनिटांत ओव्या ऐकू येतात.

हे इतकं सोपं केव्हापासून झालं? सुरुवातीला नव्हतं. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचं यंत्र जाहीर केलं. त्यातली डिस्क म्हणजे २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांची चळत होती. वजन सुमारे एक टन आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आज मोबाईलवर काढलेल्या एका फोटोला तेवढी जागा लागते. ती डिस्क बाहेर काढून दुसरीकडे लावण्याचा प्रश्नच नव्हता; ती हलवायलाच क्रेनसारखी गाडी लागे. पुढे १९६२ मध्ये त्याच कंपनीने तबकड्यांची चळत उचलून बाजूला ठेवता येईल असं यंत्र आणलं. म्हणजे 'आतली' आणि 'बाहेरची' हा भेद डिस्कच्या जन्मापासूनचा नाही. काही काळ डिस्क डब्यासारखी काढता-घालता येत होती. धूळ लागू नये, तबकडी आणि तिच्यावरून फिरणारं हेड यांच्यातलं केसापेक्षा कमी अंतर सांभाळलं जावं, म्हणून पुढे दोन्ही एकाच बंद पेटीत घालण्याची रीत आली आणि डिस्क गाभाऱ्यात गेली.

लहान कॉम्प्युटरसाठीची पहिली नावाजलेली डिस्क १९८० ची, एसटी-५०६. अ‍ॅलन शुगार्ट यांच्या कंपनीची, जी पुढे सीगेट म्हणून प्रसिद्ध झाली. क्षमता ५ एमबी. या डिस्कची एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आजचं सगळं बोलणं तिच्याभोवती फिरणार आहे. ही डिस्क स्वतः जवळजवळ निरक्षर होती. मोटर, तबकड्या, हेड आणि थोडीशी विजेची जोडणी, एवढंच तिच्यात. कुठला माग कुठे आहे, चुंबकीय खुणांतून शून्य आणि एक कसे वेगळे करायचे, हे ज्ञान कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या एका वेगळ्या कार्डात असे. डिस्क आणि कार्ड यांच्यात दोन पट्टीकेबली असत. आता समजा कार्ड जळालं आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावलं, तर डिस्क शाबूत असूनही ती वाचता येईलच याची खात्री नसे. लिहिणाऱ्याची रीत एक, वाचणाऱ्याची दुसरी. किल्ली डिस्कच्या बाहेर ठेवलेली होती.

१९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांनी मिळून ही किल्ली उचलून डिस्कमध्येच ठेवली. वाचण्या-लिहिण्याची सगळी विद्या डिस्कच्या पाठीवरच्या हिरव्या पाटीवर आली. याला आयडीई म्हणतात. १९९४ मध्ये त्याचं अमेरिकी मानक झालं, त्याचं नाव एटीए. आता कॉम्प्युटरने फक्त म्हणायचं, 'अमुक क्रमांकाचा तुकडा दे', आणि डिस्कने तो शोधून द्यायचा. कसा शोधला, ते विचारायचं नाही. आमच्या मते डिस्कच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे, क्षमता वाढण्यापेक्षाही मोठी. अ‍ॅडॉप्टर नावाची वस्तू शक्य झाली ती यामुळे. वाचणारा डिस्कच्या अंगावरच बसलेला असेल, तर बाहेरच्याने फक्त त्याच्याशी बोलायला शिकायचं.

आयडीईची केबल तुम्ही पाहिली असेल, राखाडी, रुंद पट्टी, कडेला लाल रेघ. लाल रेघ म्हणजे पहिली पिन. एकूण जागा ४० पिनांच्या, पण विसावी पिन मुद्दाम ठेवत नसत, म्हणजे उलटी केबल घुसू नये. लॅपटॉपच्या लहान डिस्कला ४४ पिना. वरच्या चार पिनांतून वीज वगैरे जाते. मागे छोटे जंपर असत, एका केबलवर दोन डिस्क लावल्या तर एक 'मास्टर' आणि दुसरी 'स्लेव्ह' ठरवायला. ही नावं आता नव्या पुस्तकांतून जात आहेत, आणि जायलाच हवीत. पण जुनी आयडीई डिस्क अ‍ॅडॉप्टरला लावून दिसत नसेल, तर आधी तो जंपर बघा. अ‍ॅडॉप्टरला सहसा 'मास्टर' लागतो.

२००३ पासून साटा आलं. रुंद पट्टीऐवजी बोटभर केबल, माहितीसाठी ७ आणि विजेसाठी १५ टोकं, खाच इंग्रजी एल अक्षरासारखी. पुढचे प्रकार आम्ही भरभर सोडतो. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या डिस्क असतात, त्यांच्यात बाहेरून सारखे दिसणारे पण आतून दोन वेगळ्या भाषा बोलणारे प्रकार आहेत, आणि त्यांचं केसिंग घेताना दुकानदाराला डिस्कच दाखवावी, एवढं सांगून पुढे जातो.

दुसऱ्या बाजूला यूएसबी. जानेवारी १९९६ मध्ये तिचं पहिलं मानक आलं. इंटेल कंपनीत या कामाचं नेतृत्व करणाऱ्यांत अजय भट्ट होते, आणि त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेलं. सयाजीरावांच्या नावाने टाळी वाजवायची असेल तर वाजवा, आम्ही थांबतो. तर, यूएसबी हा बाहेरचा दरवाजा. माऊस, प्रिंटर, कॅमेरा, सगळ्यांना एकच. पहिल्या यूएसबीवरून डिस्क वाचणं म्हणजे चाळणीने पाणी भरणं होतं. २००० मध्ये यूएसबी २.० आली, सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि तेव्हापासून हे अ‍ॅडॉप्टर खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. तरी प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक एमबी मिळतात. ५०० जीबीची भरलेली डिस्क उतरवायला साडेचार तास धरा. मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडचं भारनियमन माहीत आहे, म्हणून इन्व्हर्टर असलेल्या घरी हे काम करा.

आता अ‍ॅडॉप्टरच्या आत काय घडतं? लोकांना वाटतं, ही नुसती पिनांची जुळवाजुळव आहे, मोठ्या नळाला छोटा नळ जोडावा तशी. तसं नाही. त्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत एक चिप असते आणि ती चिप दुभाष्याचं काम करते. यूएसबीवरून येणारी डिस्कसाठीची आज्ञा असते स्कझी नावाच्या भाषेत. ही भाषा जुनी आहे, १९८६ मध्ये मानक झालेली, आणि तिचा उगम त्याच शुगार्ट यांनी आधी स्थापलेल्या दुसऱ्या एका कंपनीत झालेला. डिस्क मात्र एटीए भाषा बोलते. चिप स्कझीतली आज्ञा ऐकते, एटीएमध्ये सांगते, उत्तर घेते, पुन्हा उलट भाषांतर करते. सेकंदाला हजारो वेळा. कॉम्प्युटरला वाटतं आपण एका स्कझी डिस्कशी बोलतो आहोत. डिस्कला वाटतं आपण जुन्या मदरबोर्डलाच जोडलेलो आहोत. दोघांचीही समजूत थोडी थोडी चुकीची, पण काम चोख.

आणि दुभाष्या म्हटला की दुभाष्याच्या खोडी आल्या. जुन्या अ‍ॅडॉप्टरला मोठी संख्या मोजता येत नसे. ५१२ बाइटचा एक तुकडा धरला आणि तुकड्याचा क्रमांक ३२ बिटांत लिहायचा म्हटलं, तर सुमारे २.२ टीबीच्या पुढे गाडी जात नाही. ३ टीबीची डिस्क लावली तर अशा अ‍ॅडॉप्टरवर ती भलत्याच आकाराची दिसते. यावर काही केसिंगवाल्यांनी युक्ती काढली. आठ तुकडे मिळून एक मोठा तुकडा आहे असं दुभाष्याने कॉम्प्युटरला सांगायचं. झालं, मोठी डिस्क दिसू लागली. पण उद्या ते केसिंग बिघडलं आणि डिस्क सरळ मदरबोर्डला जोडली, तर ती कोरी दिसते. आतला मजकूर जागच्या जागी, पण मोजणीच बदललेली.

याहून कठीण प्रकार म्हणजे, काही तयार बाहेरच्या डिस्कच्या डब्यात ही दुभाषी चिप सगळा मजकूर कूटबद्ध करूनच डिस्कवर लिहिते. मालकाने पासवर्ड ठेवलेला नसला तरी. अशा डब्याची पाटी जळाली आणि आतली डिस्क काढून साध्या अ‍ॅडॉप्टरला लावली, की समोर निव्वळ गोंधळ. म्हणजे १९८६ मध्ये डिस्कच्या अंगावर आणलेली किल्ली इथे पुन्हा बाहेर गेली, डब्यात. म्हणून म्हणतो, डबा टाकू नका.

इथे आमच्या मूळ विषयातली एक गोष्ट सांगायला हरकत नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध कसा असतो, यावर आपल्याकडे फार जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, हा संबंध नित्य आहे, कोणी माणसाने जोडलेला नाही. नैयायिक म्हणतात, तो संकेत आहे. अमुक शब्दाने अमुक वस्तू समजावी असं ठरलेलं आहे, म्हणून समजते. चाळीस वर्षं वर्गात आम्ही दोन्ही बाजू सारख्याच जोराने मांडल्या. हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र निकाल नैयायिकांच्या बाजूने लागतो. तबकडीवर चुंबकीय खूण आहे. तिचा अर्थ शून्य की एक, ते शून्य-एक मिळून अक्षर की आकडा, ते अक्षर मराठी की इंग्रजी, प्रत्येक पायरीवर संकेत. एक पायरी विसरली की वरच्या सगळ्या मुक्या.

आता माहूरकडे येऊ. देवदेवेश्वराचं मंदिर तुम्हाला रोजचं आहे. महानुभावांच्या पंचकृष्णांत श्रीदत्तात्रेयप्रभू येतात आणि त्यांचं स्थान हे माहूर, ज्याला ते सह्याद्री म्हणतात. चौदाव्या शतकात रवळोबास नावाचे महानुभाव कवी होऊन गेले. त्यांचा 'सह्याद्रिवर्णन' हा ग्रंथ दत्तात्रेयप्रभूंचा आणि या डोंगराचा; पंथाच्या मानाच्या सात ग्रंथांत त्याची गणना होते. याच रवळोबासांना सकळ लिपीचं कर्तृत्व दिलं जातं. सकळ लिपी म्हणजे सांकेतिक लिपी. बाहेरून पाहिलं तर ओळखीची अक्षरं दिसतात, पण एका अक्षराच्या जागी दुसरं वाचायचं असतं, आणि कशाच्या जागी काय, हे ज्याला गुरूने सांगितलं त्यालाच ठाऊक. पुढे सुंदरी, अंक, वज्र अशा आणखी लिप्या झाल्या.

यातला विरोधाभास पाहा. तेराव्या शतकात नागदेवाचार्यांनी ग्रंथ मराठीतच व्हावेत असा आग्रह धरला, कशासाठी, तर संस्कृत न जाणणाऱ्या साध्या बायाबापड्यांना ते कळावेत म्हणून. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा माणसांना विचारून, गावोगाव हिंडून गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' झालं, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. आणि नंतर तीच मराठी कुलपात गेली. का गेली, हे समजून घ्यायला हवं. चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडून फौजा आल्या, देवगिरीचं राज्य गेलं. पंथाची परंपरा सांगते की त्या धामधुमीत मूळ पोथ्या हरवल्या आणि ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा लिहून काढाव्या लागल्या. म्हणूनच 'लीळाचरित्रा'त इतके पाठभेद आहेत. असा तडाखा बसलेल्या लोकांनी उरलेलं धन सांकेतिक लिपीत ठेवलं, यात आम्हाला तरी काही विचित्र वाटत नाही.

त्यांनी किल्ली ठेवली माणसांत. कागदावर नाही, पोथीत नाही, गुरूकडून शिष्याकडे. आणि ती टिकली, बरं का! हे फार महत्त्वाचं आहे. पंजाबात, पार पेशावरकडे महानुभाव मठ होते, तिथले लोक त्यांना जयकृष्णी म्हणत; तिथेही मराठी पोथ्या वाचल्या जात. पंथाच्या आत कधीच काही हरवलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर डिस्क आतून जोडलेली होती आणि चालू होती. वाट बंद होती ती बाहेरच्यांना. एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहू लागलेल्यांना ज्ञानेश्वरीच्या भोवतालचं हे एवढं मोठं दालन जवळजवळ दिसलंच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल अभ्यासकांपुढे मांडली. वि. ल. भावे यांनी महंतांशी संबंध जोडून पोथ्या मिळवल्या आणि 'महाराष्ट्र सारस्वता'त त्यांना जागा दिली. पैनगंगेपलीकडे, यवतमाळला, शारदाश्रमाचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाचा शोध घेतला, नागपूरचे ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' छापलं. ही सगळी माणसं म्हणजे अ‍ॅडॉप्टर. एका हाताने महंतांच्या संकेताशी, दुसऱ्या हाताने छापखान्याच्या संकेताशी जोडलेली.

पण आतली डिस्क बाहेर जोडली की आतल्यांना काय वाटतं, हाही प्रश्न उरतो. १९७८ मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलं तेव्हा पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतले. त्या वादाच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. कोलत्यांच्या विद्वत्तेबद्दल आम्हाला आदर आहे आणि ज्यांचे ते धर्मग्रंथ आहेत त्यांच्या दुखावण्याबद्दलही. हा पेच आजच्या डिस्कलाही लागू आहे. तुमच्या कॉम्प्युटरला विंडोजचा पासवर्ड आहे, म्हणून तुम्ही निर्धास्त असता. ती डिस्क काढून कोणी अ‍ॅडॉप्टरला लावली, तर तो पासवर्ड काहीही अडवत नाही. तो दाराला होता, तिजोरीला नव्हता. डिस्क मुळातच कूटबद्ध केलेली असेल तरच ती बंद राहते. भंगारात किलोच्या भावाने गेलेल्या डिस्कमधले लग्नाचे फोटो, बँकेचे कागद, पतसंस्थेच्या खातेदारांचे पत्ते, सगळं कोणीही वाचू शकतो. फाइल 'डिलीट' केलेली असली तरी बहुधा वाचू शकतो, कारण डिलीटने अनुक्रमणिकेतली ओळ खोडली जाते, पान फाडलं जात नाही.

मराठवाड्याला या सगळ्याची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. निजामी राजवटीत वरचं दफ्तर आधी फारसीत, मग उर्दूत. गावपातळीवर पाटील-कुलकर्ण्यांचे कागद मोडीत. १९४८ नंतर एका पिढीत उर्दू दफ्तर वाचणारे कमी झाले, दुसऱ्या पिढीत मोडी वाचणारे संपत आले. मग २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो. कागद तहसिलीत होता, रुमालात बांधलेला, शाबूत. त्यावर एखाद्या घराचं भवितव्य अवलंबून होतं, आणि तो वाचणारा माणूस गावात नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, डिस्क अ‍ॅडॉप्टरला लावली, फाइल दिसली, प्रश्न संपला. नाही संपत. आमच्याच परिचयातल्या एका महाविद्यालयाच्या जुन्या डिस्कवर १९९० च्या दशकातले, इथल्या लोकगीतांच्या संकलनाचे टंकलेख निघाले. अ‍ॅडॉप्टरने काम केलं, फाइल उघडली, आणि पडद्यावर काय आलं? इंग्रजी अक्षरं, टिंबं, उलटे प्रश्नचिन्ह, कंस. समोर बसलेल्या तरुण मुलाने सांगितलं, 'सर, फाइल करप्ट आहे.' फाइल करप्ट नव्हती. त्या काळात मराठी टाइप करणारे श्री-लिपी, आकृती, नाही तर पुण्याच्या सीडॅकचे फॉन्ट वापरत. कॉम्प्युटरच्या हिशेबी तिथे इंग्रजी अक्षराचाच आकडा साठवलेला असे. फॉन्ट त्या आकड्याच्या जागी 'क' काढून दाखवी. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट त्याच आकड्याला 'ध' काढी. एका अक्षराच्या जागी दुसरं वाचायचं, आणि कशाच्या जागी काय, हे ज्याच्याकडे फॉन्ट त्यालाच ठाऊक! रवळोबासांनी हे जाणूनबुजून केलं होतं. आमच्या पिढीने तेच केलं, लग्नपत्रिका छापण्याच्या घाईत.

युनिकोड १९९१ पासून आहे, पण आपल्या गावांतल्या डीटीपी दुकानांत ते रुळायला फार वर्षं लागली. त्यामुळे साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांतलं मराठवाड्याचं पुष्कळसं लेखन, स्मरणिका, दिवाळी अंक, प्रबंध, ग्रामपंचायतींचे ठराव, दुहेरी कुलपात आहे. पहिलं कुलूप आयडीई केबलचं, ते अ‍ॅडॉप्टरने निघतं. दुसरं फॉन्टचं. त्यासाठी परिवर्तक मिळतात, बऱ्यापैकी काम करतात, जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात. त्या लोकगीतांचं असंच झालं. दोन विद्यार्थिनींनी महिनाभर बसून ती सुधारली. मूळ गाणाऱ्या बाया आता हयात नाहीत. त्यांचा आवाज ज्या कॅसेटवर होता ती बुरशीने गेली. उरलंय ते त्या डिस्कवरचं.

म्हणून ज्यांच्या घरी अशा डिस्क आहेत त्यांच्यासाठी कामाचं बोलतो. मोठी, टेबलावरच्या कॉम्प्युटरची साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला १२ व्होल्ट लागतात. यूएसबीतून मिळतात फक्त ५. वेगळा चार्जर असलेला अ‍ॅडॉप्टरच घ्या, आणि तो चार्जर त्याच अ‍ॅडॉप्टरचा असावा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, पण जुन्या यूएसबी पोर्टवर वीज अपुरी पडली तर ती नुसती कुरकुरते; अशा वेळी दोन पोर्टला लावायची दुहेरी केबल वापरा. डिस्क फिरत असताना हलवू नका. टक टक असा ठेका धरला तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका, तिथे जाणकाराचं काम आहे. डिस्क दिसली आणि कॉम्प्युटरने विचारलं, 'फॉरमॅट करायची का?', तर नाही म्हणा. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच की मला ही लिपी येत नाही, पुसून माझी लिपी लिहू का. मॅकवर किंवा लिनक्सवर भरलेली डिस्क विंडोजला अशीच परकी वाटते.

पहिल्यांदा जोडली की आत काही शोधत बसू नका, आधी पूर्ण नक्कल उतरवा, मग नकलेवर शोधा. पोथी नकलणारे हेच करत, आणि नक्कल दुसऱ्या गावी ठेवत.

आणि डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवा. कोणाची, कोणत्या सालची, कोणत्या कॉम्प्युटरमधली, कूटबद्ध असेल तर किल्ली कोणाकडे, मराठी कोणत्या फॉन्टमध्ये. चिठ्ठी साध्या देवनागरीत, पेनाने लिहा. मोबाईलमध्ये लिहून ठेवू नका.